पितळेची पदवी

ट्रम्पेटमध्ये एम.ए. करता येते का, असा प्रश्न नागोठण्यातल्या एका बँडवाल्याच्या मुलाने मला विचारला. उत्तर सोपे आहे. येते, पण त्यासाठी इथून फार लांब जावे लागते. लंडनची रॉयल ॲकॅडमी, तिथलेच रॉयल कॉलेज, मँचेस्टरचे रॉयल नॉर्दर्न कॉलेज, पॅरिसची कॉन्झर्व्हेटरी अशा संस्थांत ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, ट्यूबा या पितळी वाद्यांच्या वादनाचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. अभ्यासक्रम साधारण एक ते दोन वर्षांचा. प्रवेशासाठी परीक्षकांपुढे वाजवून दाखवावे लागते. मग गुरूसमोर एकट्याचे तास, वाद्यवृंदातली बैठक, आणि शेवटी स्वतःची स्वतंत्र मैफल. वाद्यवृंदाच्या रचनांमधल्या अवघड म्हणून प्रसिद्ध असलेल्या जागा शेकडो वेळा घोटायच्या असतात. माहलरच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात एकटा ट्रम्पेट करतो. ती ज्याला साधली नाही, त्याला मोठ्या वाद्यवृंदात जागा मिळणे कठीण. नोकरीच्या निवडचाचणीत वादक आणि परीक्षक यांच्यामध्ये अनेकदा पडदा लावलेला असतो. परीक्षकाला सूर ऐकू यावा, माणूस दिसू नये, एवढ्यासाठी.

आपल्या विद्यापीठांच्या संगीत विभागांत एम.ए. होते ते गायनात, सतारीत, तबल्यात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची शिडी प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि तिथून अलंकारपर्यंत जाते. बासरी आणि सनई या फुंकून वाजवायच्या वाद्यांना त्या जगात मान आहे. ट्रम्पेट मात्र आपल्याकडे वरातीत, मिरवणुकीत, परेडीत आणि सिनेमात राहिला. गेली दीडशे वर्षे तो आपल्या रस्त्यांवर वाजतो आहे. तो कुठल्या वर्गात शिकवला गेला, कोणी शिकवला, आणि त्या शिक्षणाची पदवी का झाली नाही, या तीन प्रश्नांचा माग मी काही वर्षे काढतो आहे. संशोधनाची पदवी माझ्याकडेही नाही, त्यामुळे प्रश्नात थोडा स्वार्थ आहे असे कोणी म्हटले तर मी नाकारणार नाही.

*

आधी 'कॉन्झर्व्हेटरी' या शब्दाकडे पाहू. आज तो ऐकला की संगमरवरी जिना आणि झुंबर डोळ्यांपुढे येते. मूळ इटालियन शब्दाचा संबंध सांभाळण्याशी, जतन करण्याशी आहे. नेपल्समध्ये सोळाव्या शतकापासून ज्या संस्थांना हे नाव होते, ते अनाथाश्रम होते. पोरक्या मुलांना सांभाळायचे आणि पोटापाण्यासाठी काही हुन्नर शिकवायचा, असा तो व्यवहार. चर्चला गाणारे-वाजवणारे लागत, म्हणून संगीत शिकवू लागले, आणि पुढे तेच मुख्य झाले.

आधुनिक कॉन्झर्व्हेटरी ज्या नमुन्यावर जगभर उभ्या राहिल्या, ती पॅरिसची. तिचा जन्म तर चक्क बँडमधून झाला. १७८९ साली फ्रान्समध्ये क्रांती झाली, तेव्हा बर्नार सारेत नावाच्या एका तरुणाने जुन्या राजसैन्यातले ४५ वादक गोळा करून नॅशनल गार्डचा बँड उभा केला. क्रांतीचे उत्सव मोकळ्या मैदानात होत, आणि हजारोंच्या गर्दीत व्हायोलिनचा आवाज पोचत नाही. तिथे फुंकवाद्ये आणि ढोलच हवेत. हे वादक पुरवण्यासाठी १७९२ मध्ये मोफत संगीतशाळा निघाली, आणि तिच्यासह इतर वर्ग एकत्र करून १७९५ मध्ये कॉन्झर्व्हेटरी स्थापन झाली. म्हणजे ज्या संस्थेने पुढे युरोपच्या अभिजात संगीताचे मापदंड ठरवले, तिच्या पायात लष्करी बँडवाल्यांची शाळा होती.

तिथल्या परीक्षेची पद्धत सांगण्यासारखी आहे. वर्षाअखेरीस स्पर्धा होई. परीक्षेसाठी ठरवून दिलेली एकच रचना सगळ्यांनी वाजवायची, परीक्षक मंडळाने निवाडा करायचा. ज्याला पहिले पारितोषिक मिळाले तो शिकून तयार झाला, असे मानत. ते पारितोषिक हीच पदवी. या परीक्षांसाठी नव्या रचना मुद्दाम करून घेत. जॉर्ज एनेस्कू या रुमानियन संगीतकाराची १९०६ सालची 'लेजांद' ही ट्रम्पेटची रचना अशीच जन्माला आली, आणि आज जगभरचे पदव्युत्तर विद्यार्थी ती वाजवतात. परक्यांसाठी मात्र ही संस्था फार काळ उदार नव्हती. १८२३ साली बारा वर्षांच्या फ्रान्झ लिस्टला तो परदेशी आहे म्हणून तिने दारातून परत पाठवले होते.

*

पितळी वाद्ये वर्गात आली, त्याला एक यांत्रिक कारणही आहे. आपली तुतारी घ्या. नळी एकाच लांबीची, तिला छिद्रे नाहीत, बटणे नाहीत. ओठांचा ताण वाढवत नेला की तिच्यातून काही ठरावीकच सूर निघतात: षड्ज, पंचम, वरचा षड्ज, वरचा गंधार. मधल्या जागा रिकाम्या. युरोपातला जुना ट्रम्पेटही असाच होता. त्यामुळे तो इशाऱ्याला, ललकारीला उपयोगी. त्याच्यावर सलग धून वाजवणे अवघड. रायगडाच्या नगारखान्यापासून फ्रेंच राजवाड्यापर्यंत पितळेचे काम एकच होते, कोणीतरी मोठा माणूस येतो आहे हे सांगणे.

१८१८ साली हाइनरिख श्टोल्झेल आणि फ्रीडरिख ब्ल्यूमेल या दोघांनी बर्लिनमध्ये वाद्याच्या व्हॉल्व्हचे पेटंट घेतले. आपल्याकडे पेशवाई संपली ते हेच साल. बटण दाबले की हवा जास्तीच्या नळीतून फिरून जाते, नळीची लांबी वाढते आणि सूर उतरतो. पुढे रूढ झालेल्या तीन बटणांच्या रचनेत मधले बटण अर्धा स्वर उतरवते, पहिले पूर्ण स्वर, तिसरे दीड स्वर. या तिघांच्या जुळणीने मधल्या सगळ्या रिकाम्या जागा भरल्या, आणि पितळ गाऊ लागले. १८३३ मध्ये पॅरिसला ट्रम्पेटचा वर्ग निघाला, दोव्हेर्ने त्याचे पहिले प्राध्यापक. त्यांचा विद्यार्थी ज्याँ-बाप्टिस्त आर्बाँ. त्यांनी १८६४ साली कॉर्नेटची जाडजूड शिक्षणपद्धती छापली आणि १८६९ पासून कॉन्झर्व्हेटरीत कॉर्नेटचा वर्ग घेतला. ते पुस्तक आजही जगातल्या ट्रम्पेटवादकांच्या स्टँडवर असते.

आता आपल्या रस्त्यावरचा ट्रम्पेट पाहा. नागोठण्याच्या आसपासच्या एका जुन्या बँडमास्तरांकडे मी काही संध्याकाळी बसलो. त्यांच्याकडे आर्बाँ नाही, पाच रेघांची नोटेशनची वहीही नाही. नवा मुलगा आला की ते त्याला आधी झांज देतात, मग साइड ड्रम. कान तयार झाला की हातात ट्रम्पेट. मग तोंडपाठ करून घेतात: सा मोकळा, रे एक-तीन, ग एक-दोन, म एक, प मोकळा, ध एक-दोन, नी दोन, सा मोकळा. हे बटणांचे आकडे आहेत, आणि ते तंतोतंत बरोबर आहेत. लंडनमध्ये ट्रम्पेटच्या पहिल्या सप्तकासाठी जी बोटे शिकवतात, तीच ही. फक्त तिथे ती कागदावर आहेत आणि इथे जिभेवर. कोमल सूर मागितला तर मास्तर आकडा बदलून सांगतात. मींड मागितली तर बटण अर्धेच दाबून ओठाने सूर घसरवत नेतात, आणि भैरवीत ते फार गोड लागते.

*

हे ज्ञान इथवर पोचले कसे? एक वाट छावणीतून आली. क्रिमियाच्या युद्धात १८५४ साली तुर्कस्तानातल्या स्कुतारीच्या छावणीत व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवसाची मोठी परेड झाली. ब्रिटिश पलटणींच्या बँडांनी राष्ट्रगीत सुरू केले, आणि प्रत्येकाची पट्टी वेगळी, मांडणी वेगळी. मित्रराष्ट्रांच्या सेनापतींसमोर झालेली ती शोभा इंग्रजांच्या जिव्हारी लागली, अशी हकिगत ब्रिटिश लष्करी संगीताच्या इतिहासात आवर्जून सांगतात. १८५७ साली लंडनजवळ नेलर हॉल येथे लष्करी संगीताची शाळा निघाली. त्याच वर्षी इकडे उठाव झाला, आणि त्यानंतर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणी वाढल्या. प्रत्येक पलटणीबरोबर बँड. पुणे, किरकी, अहमदनगर, देवळाली, कुलाबा अशा छावण्यांच्या गावांनी हा आवाज रोज ऐकला. छावणीच्या आश्रयाने शहरात खासगी बँड निघू लागले. मेरठमध्ये नादिर अलींचा व्यवसाय १८८५ चा. पुढे त्यांच्या नावाने पितळी वाद्यांचा कारखाना चालला, आणि मेरठची जली कोठी हा भाग साऱ्या देशातल्या बँडवाल्यांचा बाजार झाला. रायगडातल्या पथकांत 'मेरठचा पीस' हा शब्द अजून ऐकू येतो.

दुसरी वाट गोव्याहून आली. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या पाठशाळांमध्ये 'मेस्त' मुलांना आधी सोल्फेज शिकवत, म्हणजे हाताने मात्रा मोजत स्वरलिपी गाऊन वाचायला लावत. कागद पाहून गाता आल्याशिवाय वाद्य हातात मिळत नसे. मुलगा दहा-बारा वर्षांचा होईपर्यंत नोटेशन वर्तमानपत्रासारखे वाचू लागे. हीच मुले मोठी होऊन मुंबईत आली, धोबी तलाव आणि माझगावच्या भागात आपापल्या गावच्या 'कुडा'त राहिली, आणि सैन्याचे बँड, पोलिसांचे बँड, मूकपटांची थिएटरे, हॉटेले, पुढे बोलपटांचे स्टुडिओ यांतून पोट भरू लागली.

मुंबई आणि गोवा या दोन टोकांना जोडणाऱ्या महामार्गावर नागोठणे आहे. गावात शिरताना आंबा नदीवर जुना दगडी पूल लागतो; खाडीतून मुंबईची गलबते एके काळी इथल्या बंदराला लागत. चैत्रात जोगेश्वरीची पालखी निघते तेव्हा सनई, ढोल, टिमकीचा खालूबाजा आणि पितळी बँड असे दोन्ही आवाज एकाच गल्लीतून जातात. कोकणातले वाजंत्री आणि मुंबईहून आलेले पितळ यांची गाठ आमच्या भागात अशीच रस्त्यावर पडली. ती गाठ पुस्तकात कोणी नोंदवली नाही.

*

मराठी राज्यकर्त्यांपैकी एकाने मात्र या शिक्षणाला संस्थेचे रूप देण्याचा विचार केला होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली. मौलाबक्षांचे पुत्र अल्लाउद्दीन खाँ यांना महाराजांनी १८९० च्या दशकात लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला पाठवले. परत आल्यावर ते संस्थानच्या संगीत खात्यात मोठ्या पदावर काम करू लागले, आणि बँडही त्या खात्याचा भाग होता. सतार, गायन, पाश्चात्त्य नोटेशन, बँड हे सगळे एकाच छपराखाली, एकाच सरकारी खात्यात: हे चित्र आज आपल्याला अशक्य वाटते, आणि ते सव्वाशे वर्षांपूर्वी प्रत्यक्षात होते.

ते पुढे का वाढले नाही? १९१६ च्या मार्चमध्ये बडोद्यालाच पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. भातखंडे तिचे सूत्रधार. देशभरच्या विद्वानांनी रागांची लक्षणे, श्रुती आणि स्वरलिपी यांवर खल केला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज अधिकारी क्लेमेंट्स यांचे बावीस श्रुतींवरचे लेखन त्याआधीच चर्चेत होते. राष्ट्रीय संगीत म्हणजे काय, हे ठरवण्याचा तो काळ. त्यात पलुस्करांच्या गांधर्व महाविद्यालयाने, १९०१ साली लाहोरला आणि १९०८ मध्ये मुंबईला, गवयाला बैठकीतून उचलून शाळेत बसवले आणि त्याला प्रतिष्ठा दिली. हे काम किती मोठे होते, हे मी सांगायला नको. पण प्रतिष्ठेच्या त्या शाळेत बाके मोजकी होती. तीन बटणांचे, साहेबाच्या पलटणीतून आलेले, समान अंतराच्या बारा स्वरांचे वाद्य त्यात बसत नव्हते.

संगीताचे हे कारण मला पुरेसे वाटत नाही. हार्मोनियमही परकी होती, तिच्यावरही बेसूरपणाचा आरोप झाला, आकाशवाणीने तर तिला अनेक वर्षे दाराबाहेर ठेवले. तरी ती घराघरात गेली. क्लॅरिनेट आपल्या शास्त्रीय बैठकीपर्यंत पोचले. पितळ पोचले नाही, याचे उत्तर मला सूर-श्रुतीपेक्षा जातीत सापडते.

फुंकून वाजवायचे वाद्य तोंडाला लागते, म्हणून ते उष्टे. गायक गळा वापरतो, सतारिया बोटे वापरतो. फुंकणारा मात्र थुंकी वाद्यात सोडतो, असा समज. त्यामुळे सनई, शिंग, तुतारी ही कामे गुरव, घडशी, न्हावी, मांग, महार अशा ठरावीक जातींकडे गेली. मंगल प्रसंगी वाजवणारा लागतो, पण पंगतीत तो लागत नाही. पितळी बँड आला तेव्हा हीच माणसे त्यात शिरली, कारण फुंकायची विद्या त्यांच्याच घरात होती. ट्रम्पेटच्या नळीत साचते ते पाणी बहुतांशी श्वासातली वाफ थंड होऊन झालेले असते. वादक मधूनमधून कळ दाबून ते बाहेर टाकतो. लंडनच्या सभागृहात हे सगळ्यांसमोर चालते, कोणी नाक मुरडत नाही. आमच्याकडे वरातीच्या कडेला उभ्या असलेल्या बायका पदर सावरून दोन पावले मागे सरतात. केशवसुतांची 'तुतारी' शाळेत शिकलेल्या आमच्या पिढीला ती खरोखर फुंकणाऱ्या गावातल्या माणसाचे नाव ठाऊक नसते.

याला दुसरीही बाजू आहे, आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. २० मार्च १९२७ रोजी महाडला, आमच्याच जिल्ह्यात, बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले. गावकीची हीन मानली गेलेली कामे टाकून द्या, हा त्या चळवळीचा आग्रह होता. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कितीतरी गावांत महार समाजाने देवापुढचे आणि वरातीपुढचे वाजवणे सोडले. गळ्यात वाद्य अडकवून दुसऱ्याच्या दारात उभे राहण्याची सक्ती त्यांनी झुगारली. ते बरोबरच होते. त्याबरोबर पिढ्यांचा एक हुन्नरही काही घरांतून गेला. माणसाचा मान आणि त्याची विद्या यांतले एकच निवडायची पाळी ज्यांच्यावर आली, त्यांना कोणी दोष देऊ नये. दोष असलाच तर तो वाजवणे घेतले आणि वाजवणारा नाकारला, त्या समाजाचा.

*

मुंबईत त्याच काळात दुसरी एक उच्च शिक्षणाची शाळा भरत होती, तिला फळा नव्हता. १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जाझ बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच दशकात क्रिकेट स्मिथ हा जुना, जाणता ट्रम्पेटवादक तिथे वाजवत होता. स्वतःच्या देशात गोऱ्यांच्या शेजारी बसायला मज्जाव असलेली ही माणसे मुंबईत गोव्याच्या पोरांची गुरू झाली. हळदोण्याचे आंतोनियो शावियेर वाझ त्यांतले एक. 'चिक चॉकलेट' या नावाने ते प्रसिद्ध झाले. भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून लोक त्यांना ओळखत. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, चिक यांना हाताशी धरून १९५१ च्या 'अलबेला'चे संगीत उभे केले, आणि मराठी घरांतल्या रेडिओवर ट्रम्पेट हक्काने वाजू लागला. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट वाजवता वाजवता संयोजक झाले आणि पुढे त्यांनी कोंकणी चित्रपट काढले. मडगावच्या ख्रिस पेरींनी कोंकणी गाण्याला ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा नवा बाज दिला.

स्टुडिओतली परीक्षा पॅरिसच्या परीक्षेपेक्षा सोपी नव्हती. सकाळी समोर आलेला कागद दुपारी ध्वनिमुद्रित व्हायचा. गायक, पन्नास-साठ वादक, सगळे एकाच वेळी. एकाचा सूर चुकला की सगळ्यांचे पहिल्यापासून. ज्याला पुन्हा बोलावणे आले तो उत्तीर्ण. पडद्यावर या वादकांची नावे क्वचितच येत. १९५८ साली व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात सिनेमातले हेच वादक बसवून रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला. बाजारातला हुन्नर विद्येच्या अंगणात नेण्याचा तो एक धाडसी प्रयत्न होता. १९६० च्या दशकात गोन्साल्विस अमेरिकेला गेले, आणि परतल्यावर तो धागा पुढे चालला नाही.

मुंबईहून परदेशच्या कॉन्झर्व्हेटरीत जाणारे त्या काळातही होते. झुबिन मेहता १९५४ मध्ये व्हिएन्नाला गेले, वनराज भाटिया लंडनला आणि मग पॅरिसला. संगीत-दिग्दर्शन, रचना, पियानो, व्हायोलिन यांसाठी घरात पैसा आणि पाठबळ असे. ट्रम्पेटवाल्याच्या घरात संध्याकाळची कामगिरी असे. सरकारी पातळीवर पितळेचे पद्धतशीर शिक्षण चालू राहिले ते सैन्यातच. १९५० साली जनरल करिअप्पांच्या प्रोत्साहनाने पचमढीला लष्करी संगीताचा विभाग स्थापन झाला. पचमढी म्हणजे वऱ्हाड ज्या मध्यप्रांतात होते, त्याची उन्हाळी राजधानी. तिथे शिपाई म्हणून आलेला खेड्यातला मुलगा नोटेशन वाचायला शिकतो, आणि पुढे बँडमास्तरचा अभ्यासक्रम करणारा बँडसाठी स्वतः रचना मांडू शकतो. नेलर हॉलची परंपरा या मातीत रुजली ती तिथे. मात्र शिकण्यासाठी आधी सैन्यात भरती व्हावे लागते.

*

त्या मुलाला मी जे सांगितले, ते असे. घरात राहून पदव्युत्तर पातळीपर्यंत जाण्याची एक वाट आहे. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षा आपल्याकडे शतकाहून अधिक काळ होतात. त्यांच्या वादनातल्या तीन डिप्लोमांपैकी सर्वांत वरचा फेलोशिपचा. ब्रिटनच्या शिक्षणश्रेणीत तो सातव्या पातळीवर, म्हणजे एम.ए.च्या पातळीवर बसतो. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण आहे. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद आहे, कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह त्याचे संस्थापक संगीत-दिग्दर्शक. त्याच्या पितळी वाद्यांच्या रांगेत अजून बहुतेक परदेशी वादक दिसतात. दीडशे वर्षे ट्रम्पेट वाजवणाऱ्या देशाला स्वतःच्या राजधानीसारख्या शहरात ट्रम्पेटवाले बाहेरून आणावे लागतात, यातच आपल्या शिक्षणाचा हिशेब आला.

त्या मुलाला नोटेशन शिकावे लागेल. ते टाळता येणार नाही. पण त्याच्याजवळ जे आहे ते कॉन्झर्व्हेटरीतल्या विद्यार्थ्याजवळ नसते, हेही मी त्याला सांगितले. भर उन्हात चार तास चालत वाजवण्याचा दम. दोनशेच्या वर गाणी तोंडपाठ. पाहुण्याने फर्माईश केली की आधी न वाजवलेले गाणे मोबाइलवर एकदा ऐकून, पहिल्या ट्रम्पेटने धून घ्यायची, दुसऱ्याने खालचा सूर धरायचा, युफोनियमने मधल्या जागा भरायच्या, हे अर्ध्या मिनिटात ठरवण्याची हुशारी. पुण्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात, दरबार यांसारखी पथके नाट्यपदे आणि रागदारी वाजवतात, तेव्हा जाणकार रस्त्याच्या कडेला थांबून दाद देतात. ही दाद अजून कुठल्या अभ्यासक्रमात गेलेली नाही.

आणि वेळ थोडा आहे. रायगडात आता सुपारी आधी डीजेला जाते, मग बेंजो पार्टीला, उरली तर बँडला. दहाबारा जणांचे पथक परवडत नाही म्हणून यजमान चार माणसे मागतात. चार माणसांत बेस कोण धरणार? ज्या मास्तरांचा उल्लेख वर आला, त्यांनी वृद्ध कलावंतांच्या सरकारी मानधनासाठी अर्ज केला होता. कलावंत असल्याचे पुरावे मागितले गेले: प्रमाणपत्रे, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणे. वरातीची कार्यक्रमपत्रिका छापत नाहीत. लग्नपत्रिकेवर मामा-मावशांची, आत्या-काकांची नावे असतात, बँडमास्तरचे नसते. पन्नास वर्षांत तीन तालुक्यांतल्या हजारभर लग्नांत वाजवलेल्या माणसाकडे तो वाजवत होता हे दाखवणारा एकही कागद नव्हता.

पदवीचा प्रश्न मला इथे महत्त्वाचा वाटतो. पदवी म्हणजे झुल पांघरून काढलेला फोटो नव्हे. एका माणसाला काय येते याची दुसऱ्या जाणत्या माणसाने ऐकून केलेली नोंद ती. पॅरिसमध्ये क्रांतीनंतर सहाच वर्षांत बँडवाल्यांच्या शाळेची कॉन्झर्व्हेटरी झाली, कारण त्यांच्याकडून शिकायचे असे राज्यकर्त्यांनी ठरवले. नेपल्सला अनाथ मुलांच्या हातात वाद्ये दिली गेली. आपल्या विद्यापीठांना इमारती बांधायला नकोत. जुने बँडमास्तर अजून हयात आहेत, त्यांना परीक्षक म्हणून आणि गुरू म्हणून बोलावता येईल. त्यांची आकड्यांची तोंडी स्वरलिपी लिहून घेता येईल. भैरवी ते कशी वाजवतात, हे ध्वनिमुद्रित करता येईल. पहिली बॅच पाच मुलांची असली तरी चालेल.

तोवर आपापल्या गावात एवढे करता येईल. पुढच्या लग्नात बँड थांबला की पहिला ट्रम्पेट कोण वाजवतो त्याला नाव, गाव आणि त्याचा गुरू कोण, हे विचारावे आणि वहीत तारखेसह लिहून ठेवावे. माझ्या वहीत नागोठणे, पेण, रोहा आणि सुधागड मिळून आजवर ४३ नावे झाली आहेत. त्यांतल्या अकरा जणांना आपल्या गुरूचे नाव माहीत आहे, पण गुरूच्या गुरूचे एकालाही सांगता आले नाही.